आधी स्वतःला टोचून घेणारा शास्त्रज्ञ : वाल्देमार हाफकिन

हाफकिन हे एका माणसाचे नाव आहे, हे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. आमच्याकडे कुणाला साप चावला की त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेतात आणि हाफकिनची लस शिल्लक आहे का, असे विचारतात. त्यामुळे हाफकिन हे औषधाचेच नाव असावे असे मला वाटे. पुढे इतिहासाच्या तासाला १८९७ सालच्या पुण्याच्या प्लेगचा विषय निघाला. रँड, चाफेकर बंधू, घरोघर शिरणारे गोरे सोल्जर, हे सारे सरांनी रंगवून सांगितले आणि जाता जाता एका वाक्यात असेही सांगितले की, त्याच वर्षी मुंबईत हाफकिन नावाच्या परदेशी शास्त्रज्ञाने प्लेगची लस तयार केली. तास संपला, पण ते एक वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. त्याला कारण आमच्या घरातले होते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. वडील दुसऱ्याच्या शेतावर कामाला जातात आणि आई गावची आशा आहे. लसीकरणाच्या दिवशी बाळांची यादी घेऊन ती उन्हातान्हात दारोदार हिंडते. मैत्रिणींनी विचारले की मी आई आरोग्य खात्यात आहे असे सांगून विषय बदलत असे. खरे सांगायचे तर मला तिच्या त्या हिंडण्याची लाज वाटे. लोक दार लावून घेतात, आत असून नाही म्हणून सांगतात आणि ही पुन्हा संध्याकाळी त्याच दारात उभी! हाफकिनसाहेबांचे चरित्र वाचताना मला सारखी ती दारे आठवत होती. असो. आधी साहेबांविषयी लिहिते.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा या शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा तेव्हा रशियन साम्राज्यात होते. आज ते युक्रेनमध्ये आहे. रशियात ज्यूंना फार जाच होता. १८८१ साली ओडेसात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले, तेव्हा स्वसंरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिनही होते. ते जखमी झाले आणि वर पकडलेही गेले! त्यांचे गुरू इल्या मेचनिकॉफ यांनी रदबदली केली म्हणून सुटले. विद्यापीठात हुशार विद्यार्थी म्हणून त्यांचे नाव झाले; पण प्राध्यापक व्हायचे तर आधी धर्म बदलावा लागेल, असे त्यांच्यापुढे आले. त्यांनी धर्म बदलला नाही. ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काही वर्षे काम करून १८८८ साली त्यांनी देश सोडला.

आधी जिनिव्हा आणि मग १८८९ साली पॅरिस. पॅरिसला लुई पाश्चर यांची प्रख्यात संस्था नुकतीच उभी राहिली होती आणि मेचनिकॉफही तिथे गेले होते. परंतु तिथे संशोधकाची जागा रिकामी नव्हती. रिकामी होती ती ग्रंथपालाची. एवढा शिकलेला माणूस, पण त्याने ती जागा आनंदाने घेतली. दिवसा पुस्तके द्यायची-घ्यायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचे. आमच्या ग्रंथालयात सुट्टीनंतर पुस्तके लावायला मदत केली की मला महिन्याकाठी थोडे पैसे मिळतात. त्यामुळे चरित्रातला हा भाग मी दोनदा वाचला, हे इथे कबूल करते.

त्या काळी युरोपातही पटकीने थैमान घातले होते. पटकी म्हणजे कॉलरा. आमच्या गावाच्या वेशीवर मरीआईचे देऊळ आहे. ही मरीआई पटकीचीच देवी, असे आजी सांगते. हाफकिन यांनी पटकीच्या जंतूंवर काम सुरू केले. गिनीपिग नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पोटात हे जंतू एकामागून एक असे अनेकदा वाढवून त्यांनी ते अतिशय जहाल केले. उलट दुसरे जंतू त्यांनी उष्णता व हवा देऊन दुबळे केले. आधी दुबळ्या जंतूंची सुई, शरीराला त्यांची ओळख झाली की काही दिवसांनी जहाल जंतूंची, अशी ही दोन टोचण्यांची रीत होती. प्राण्यांवर ती लागू पडली. पण माणसाचे काय? १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती लस स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली आणि ते बरे झाले. मग मित्रांनी टोचून घेतले.

लस तयार झाली, पण ती घेणार कोण? जन्मभूमी रशियाने ती घेतली नाही. तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटनचे वकील म्हणून लॉर्ड डफरिन होते. ते पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते आणि पटकी कुठे वर्षानुवर्षे मुक्काम करून असते, हे त्यांना चांगले माहीत होते. त्यांनी हाफकिन यांना हिंदुस्थानात जायला सुचवले. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले. वय तेहतीस. रशियाचा प्रजाजन म्हणून काही इंग्रज अधिकारी त्यांच्याकडे संशयाने पाहत आणि ते वैद्यकीचे पदवीधर नव्हते म्हणून डॉक्टर मंडळी नाके मुरडत. लोकांना तर सुई म्हणजे काय तेच ठाऊक नव्हते.

आग्र्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि उत्तर हिंदुस्थानात गावोगाव, छावण्या-छावण्यांतून टोचण्या केल्या. १८९५ पर्यंत बेचाळीस हजारांहून अधिक लोकांना त्यांनी लस दिली. पण त्यांचे खरे काम मला कलकत्त्याच्या झोपडवस्त्यांत दिसते. १८९४ साली काट्टाल बागान नावाच्या वस्तीत पटकी सुरू झाली. तळ्याचे घाण पाणी, दाटीवाटीची घरे. तिथल्या सुमारे दोनशे लोकांपैकी ११६ जणांनी टोचून घेतले. पुढे त्या वस्तीत ज्यांना पटकी झाली ते सारे न टोचलेल्यांपैकी निघाले. या कामात त्यांच्याबरोबर बंगाली डॉक्टर होते. परक्या गोऱ्या माणसाने एकट्याने जाऊन सुई काढली असती तर कुणी हात पुढे केला असता असे मला वाटत नाही. आपल्या भाषेत बोलणारा माणूस दारात लागतो. आमच्या वस्तीत नर्सबाई एकट्या आल्या तर दोन बाळे येतात आणि आई बरोबर असली तर बारा येतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

अति श्रमाने व मलेरियाने प्रकृती बिघडून हाफकिन युरोपात परतले आणि १८९६ साली पुन्हा आले. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचा रोगी ओळखला. मांडवीत धान्याची कोठारे आणि कोठारांत उंदीर. पाहता पाहता शहर रिकामे होऊ लागले. सरकारने हाफकिन यांना मुंबईस बोलावले आणि ७ ऑक्टोबरला ते येऊन दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली व एक व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन पट्टेवाले!

या एवढ्याशा जागेत प्लेगची लस तयार झाली. तिची कृती वाचताना मला मोठी गंमत वाटली. मांसाच्या रस्स्यात प्लेगचे जंतू वाढवायचे आणि त्या रस्स्यावर चक्क तूप सोडायचे. तरंगणाऱ्या तुपाच्या थेंबांना धरून जंतूंच्या मुळ्या खाली लोंबत वाढत. बाटली हलवली की त्या तळाशी पडत आणि वर नव्या फुटत. असे पीक भरपूर आले की ठरावीक उष्णता देऊन जंतू मारायचे आणि वर थोडे कार्बोलिक ॲसिड घालायचे, म्हणजे दुसरे काही जंतू त्यात शिरणार नाहीत. हे कार्बोलिक ॲसिड वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचा संबंध यायचा आहे.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी हीही लस आधी स्वतःलाच टोचून घेतली, आणि तीसुद्धा पुढे लोकांना देण्यात येणार होती त्याच्या कितीतरी पट मोठी मात्रा. कडक ताप आला. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तिथल्या सुमारे निम्म्या कैद्यांनी स्वखुशीने लस घेतली. एकाच भिंतीआड, एकच अन्न खाणाऱ्या या दोन गटांपैकी टोचलेल्यांत प्लेगचे प्रमाण स्पष्टपणे कमी निघाले. मग शहरात लोक पुढे येऊ लागले. आगाखान (तिसरे) यांनी स्वतः टोचून घेतले, तेव्हा त्यांच्या खोजा अनुयायांनी हजारोंच्या संख्येने लस घेतली. प्रयोगशाळेसाठी आपला बंगलाही त्यांनी दिला.

त्याच वर्षी पुण्यात काय चालले होते ते आपण सर्वांनीच वाचले आहे. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांना प्लेगने नेले. प्लेगच्या एका मुलाला त्यांनी पाठीवरून दवाखान्यात आणले होते. रँडच्या माणसांनी घरांत घुसून रोगी ओढून नेले, लोकांच्या मनात संताप साठत गेला आणि २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. मुंबईतल्या त्या लशीची मात्र सक्ती नव्हती. एकच रोग, एकच सरकार. पण पुण्यात सोल्जर दार फोडत होता आणि मुंबईत लस टोचणारा दाराबाहेर उभा राहत होता. दोन्ही गोष्टी लोकांना एकाच सरकारच्या वाटल्या असतील तर त्यांचे काय चुकले?

१८९८ च्या फेब्रुवारीत बडोदे संस्थानातल्या उंधेरा या गावी हाफकिन यांनी एक चाचणी केली. तिचे आकडे सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. गावात प्लेग होता. प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस द्यायची आणि निम्म्यांना नाही, असे ठरले. टोचलेले ७१ होते. त्यांपैकी ८ जणांना प्लेग झाला व ३ दगावले. न टोचलेले ६४ होते. त्यांपैकी २७ जणांना प्लेग झाला आणि २६ दगावले. लशीचा उपयोग सिद्ध झाला, यात शंका नाही. पण एकाच घरातले, एकाच ताटात जेवणारे दोन भाऊ, एकाला सुई आणि दुसऱ्याला नाही! आमच्या घरात असे झाले असते तर आईने कुणाचे नाव यादीत घातले असते? शास्त्राला असा निवाडा लागतो हे मला पटते. तरी ते २६ जण मला विसरता येत नाहीत.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली. एकेकाळी हा गव्हर्नरचा वाडा होता. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी १८८२ साली पटकीने वारल्या आणि त्यानंतर गव्हर्नरांनी परळ सोडून मलबार हिलची वाट धरली. पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज याच फर्ग्युसनांच्या नावाचे. ज्या वाड्यातून रोगाने गव्हर्नरला हुसकले, तिथेच रोगावरची लस लाखांनी भरली जाऊ लागली.

मागणी अफाट वाढली. पंजाबात तर लाखो लोकांना टोचायचे ठरले. लस लवकर तयार व्हावी म्हणून कार्बोलिक ॲसिड गाळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवण्यात आली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत अशी रीत चालू होतीच. आणि मग ३० ऑक्टोबर १९०२ चा दिवस उजाडला. पंजाबातल्या मलकोवाल गावी पाच बाटल्यांतून १०७ माणसांना लस देण्यात आली. काही दिवसांनी त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. त्या एकोणीसही जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. तिच्यावर ५३-एन असा नंबर होता. उरलेल्या ८८ जणांना काही झाले नाही.

चौकशी समिती बसली. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स तिचे अध्यक्ष होते. दूषण परळला, बाटली भरतानाच झाले असावे असा निष्कर्ष निघाला आणि कार्बोलिक ॲसिड गाळल्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला. त्यांना प्रयोगशाळेच्या प्रमुखपदावरून दूर करण्यात आले. १९०४ साली ते हिंदुस्थान सोडून गेले. स्वतःच्या अंगात दोनदा विषाची परीक्षा घेणाऱ्या माणसावर निष्काळजीपणाने माणसे मारल्याचा डाग लागला!

परंतु चौकशीच्या कागदपत्रांतच उत्तर होते. मलकोवालला ती बाटली उघडताना बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच तो पुन्हा वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आज शाळेतले मूलही सांगेल. शिवाय बाटली कित्येक दिवस आधी भरलेली होती. जंतू तेव्हाच शिरले असते तर इतक्या दिवसांत त्यांची वाढ होऊन उघडताना घाण वास आला असता. तसा वास आला नव्हता. मलेरियाचे संशोधन करून नोबेल पारितोषिक मिळवलेले रोनाल्ड रॉस यांनी हा प्रश्न हाती घेतला. जुलै १९०७ मध्ये त्यांच्यासह दहा शास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये आले आणि हाफकिन निर्दोष असल्याचे जगाला कळले.

पाच वर्षे हा माणूस डाग घेऊन जगला. या अन्यायाबद्दल त्यांच्या चरित्रकारांनी पुष्कळ लिहिले आहे आणि ते योग्यच आहे. पण मलकोवालच्या एकोणीस माणसांबद्दल मात्र मी वाचलेल्या प्रत्येक ठिकाणी एकच ओळ आहे. त्यांची नावे कुठे सापडली नाहीत. त्यांच्यापैकी कुणीतरी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून दंड पुढे केला असेल. त्या गावातल्या बायकांनी पुढे जन्मभर सुईला दार लावून घेतले असेल, तर त्यांना अडाणी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हे वाचेपर्यंत मी अशा लोकांना सरळ अडाणी म्हणत होते, आणि त्यांत आमची चुलतीही आली. तिच्या नातवाला दीड महिन्याची लस दिली, तेव्हा त्याला रात्रभर ताप आला आणि मांडीवर गाठ आली. ताप उतरला, गाठही जिरली. पण तिने पुढच्या सुईला साफ नकार दिला. आता त्याचे नऊ महिने भरले आहेत आणि गोवराची लस राहिली आहे. आई तिच्याशी कधी वाद घालत नाही. तापाचे आपण आधी सांगायला हवे होते, एवढेच ती म्हणते. मला आठवते, २०२१ साली करोनाची लस आली तेव्हा आशा म्हणून आईला ती गावात सर्वांच्या आधी मिळाली होती. सारी वस्ती तिच्याकडे डोळे लावून बसली होती. तिला दोन दिवस ताप होता. गोळी घेऊन ती त्याच दिवशी पाण्याला गेली आणि ताप आला आहे हेही तिने विहिरीवर सगळ्यांना सांगितले. मला तेव्हा तिचा राग आला होता. ताप आल्याचे सांगायचे कशाला, असे मला वाटले होते.

आणखी एक गोष्ट मला आता वेगळी दिसते. लसीकरणाच्या दिवशी नर्सबाई बाटली उघडली की तिच्यावर वेळ लिहितात आणि बाटलीचा नंबर कागदावर उतरवून घेतात. गोवराची बाटली उघडून चार तास झाले की त्यात लस उरलेली असली तरी ती कुणाला देत नाहीत. एकदा एक बाई लांबून बाळ घेऊन उशिरा आली आणि तिच्यासाठी नवी बाटली फोडावी लागली, तेव्हा हा कोण नासाडीचा कारभार असे मी मनात म्हटले होते. ५३-एन हा नंबर मलकोवालला कुणी लिहून ठेवला नसता, तर एकाच बाटलीत दोष होता हे कुणाला कळले असते? सगळी लसच विषारी ठरली असती.

१९०७ अखेर हाफकिन परत आले, पण परळची जागा भरलेली होती. त्यांना कलकत्त्याला नेमणूक मिळाली आणि कामावर मर्यादाही आल्या. नव्या लशी माणसांवर आजमावण्याची मोकळीक त्यांना राहिली नाही. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी निवृत्ती घेतली आणि हा देश कायमचा सोडला. लग्न त्यांनी केले नव्हते. उत्तरायुष्यात ते आपल्या धर्माचे नेम कडकपणे पाळत आणि आपली मिळकत त्यांनी पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मपाठशाळांसाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे त्यांचे निधन झाले.

परळच्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले. ते त्यांच्या हयातीतच झाले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. १८९७ पासून तोवर तिथून प्लेगच्या लशीच्या दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. १९६४ साली भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. हाफकिन यांची ती तुपावरची लस आता वापरात नाही. प्लेगवर वेळेवर दिली तर गुणकारी औषधे आहेत. परळची संस्था मात्र आहे आणि १९७५ पासून तिच्या शेजारीच लस तयार करणारे सरकारी महामंडळही आहे.

गेल्या महिन्यात लसीकरणाच्या दिवशी मी प्रथमच आईबरोबर यादी घेऊन हिंडले. चुलतीने आम्हाला बसवले, चहा दिला. मी तिला हाफकिनसाहेबांची सगळी हकीगत सांगितली. मलकोवाल वगळून सांगावी असे एकदा मनात आले होते. पण आई समोर बसली होती, म्हणून तेही सांगितले. चुलतीने सारे ऐकून घेतले आणि त्या बाटलीचे पुढे काय केले, असे विचारले. नातवाला तिने त्या दिवशी पाठवले नाही. आईने त्याचे नाव पुढच्या महिन्याच्या यादीत सगळ्यांत वर लिहून ठेवले आहे.